रांजणावरचं ओगराळं

बायकोला सांगितलं न्हाई. भावाला न्हाई. देवापुढंबी हे कधी तोंडातून निघालं न्हाई. तुमच्यापुढं सांगून राह्यलो — मधेच अडलो तर अडू द्या.

टेंभुर्णीत आमचं किराण्याचं दुकान. आम्ही मारवाडी, पण तीन पिढ्या इथल्याच. निजामाचं राज्य नुकतंच गेल्तं, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आल्ती. आमच्या वर्गात सगळ्यात बराबर वाचायची ती भागी — मेंढरं राखणाऱ्या बिरू धनगराची पोरगी.

शाळेत एक रीत होती. शनिवारी जो सगळ्यात चांगलं वाचंल, त्याच्या हाती आठवडाभर रांजणाचं ओगराळं, पाणी वाढायचा लांब दांड्याचा डाव. दुसऱ्या कुणी रांजणाला हात लावायचा न्हाई. पाणी पाहिजे? वाका आणि ओंजळ धरा. ओगराळं कायम भागीकडं. आणि रांजण कुणाचा? माझ्या बापानं शाळेला दिलेला. माझ्याच बापाच्या रांजणातलं पाणी मी तिच्यापुढं वाकून प्यायचो. जळायचो हो मी — नुसता जळायचो. मला ती दोन घोट जास्तच वाढायची. "पी पोटभर," म्हणायची. माया असंल का? मला तर ते डिवचणंच वाटायचं.

त्यात माझं पोट दुखायचं. झोपेत दात खायचो. आई म्हणायची, दुकानातला गूळ चोरून खातो, म्हणून जंत झाले. गुळानं कशाचे होतात? आम्ही सगळी पोरं शाळेच्या मागंच परसाकडंला बसायचो, मातीला हात पुसायचो आणि त्याच हातानं भाकर खायचो. पण तवा हे कुणाला ठाऊक?

एक दिवस आईनं सकाळीच एरंडेल पाजलं आणि तसंच शाळेत धाडलं. पोटात अशी कळ आली की लांब जाणं झालंच न्हाई. रांजण ठेवला होता त्या भिंतीमागंच बसलो. जे पडलं त्यात जंत वळवळत होते. मी तसाच पळत वर्गात येऊन बसलो.

गुर्जींनी ते पाह्यलं. सगळ्यांना उभं करून विचारलं, हे कुणाचं काम?

भ्यालो होतो का? भ्यालो होतो. पण भ्यालेला माणूस गप बसतो. मीबी गप बसलो असतो तर बात तिथंच मिटली असती. मी बोललो — "भागी बसल्ती. मी पाह्यलं."

भागी एकदाच म्हणाली, "म्या न्हाई." मंग माझ्याकडं बघत राह्यली. सेठच्या पोरापुढं मेंढरवाल्याच्या पोरीचं कोण ऐकतंय? मेंढरांत झोपणाऱ्यांना जंत असतातच, अशी गावाची समजूत होतीच. गुर्जींनी तिच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं. पोरं तिला "जंताबाई" म्हणायला लागली. थोड्याच दिवसांत बिरूनं तिला मेंढरांमागं लावली. तिची शाळा तिथंच सुटली.

ओगराळं मला मिळालं. त्याच हातांनी मी बारक्या बारक्या पोरांना पाणी वाढलं. काही पोरं पोट धरून बसायला लागली, तरी मी वाढतच होतो.

आता जे सांगतो ते त्या खोट्यापेक्षा वाईट आहे. मी गल्ल्यावर बसायला लागलो, तवाची गोष्ट. भागी दुकानात आली. कडेवर पोरगं, त्याचं पोट टम्म फुगलेलं. सरकारी दवाखान्यातून जंताच्या औषधाची बाटली आणल्ती, पण किती पाजायचं ते ध्यानात राह्यलं नव्हतं. बाटलीवरची चिठ्ठी माझ्यापुढं धरून म्हणाली, "यावर काय लिव्हलंय तेवढं वाचून सांगा. माझं वाचणं इसरून गेलं."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. तिच्याजवळ माफी मागता आली असती. मागितली न्हाई. मी ती चिठ्ठी हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी, सावकाश, मोठ्यानं वाचून दाखवली. ती मान हलवत ऐकत होती. आणि मला बरं वाटलं.