नऊशे पानांचा सूड

नांदेडच्या कॉलेजात बी.ए.ला असताना मी मराठीच्या सरांना विचारलं होतं, निजामाच्या शेवटच्या वर्षांवरची एक जाड कादंबरी आहे, ती वाचू का. सर भर वर्गात हसले. "रेणापूरकडची ना तू? गाईड वाच. हे तुझ्या आवाक्यातलं नाही." वर्गही हसला. माझे कान तापले.

त्याच दिवशी मी ग्रंथालयातून कादंबरी काढली. नऊशे पानं. पहिली दोनशे नुसत्या रागानं वाचली. मग त्यातली माणसं भेटली. एक शिंपी, त्याची बायको, दोन लेकरं. आजूबाजूची गावं पेटलेली आणि हे लोक लग्नाचे कपडे शिवून राहिलेले. सुट्टीत घरी तूर निवडायला बसले तरी पुस्तक मांडीवर. शिंप्याची बायको गाव सोडते, तिथं इतकी रडले की तुरीतले खडे तसेच राहिले. आईची बोलणी खाल्ली. सरांना मात्र विसरले नाही.

सोळा वर्षांनी मी कंधारला शाळेत शिकवत होते. तिथल्या वाचनालयानं त्याच कादंबरीवर व्याख्यान ठेवलं. वक्ते तेच सर, आता निवृत्त. मी पुढच्या रांगेत बसले. सर तासभर कालखंडावर, मानवी मूल्यांवर बोलले. शिंप्याचा उल्लेख एकदाच, तोही घाईत. प्रश्न विचारा म्हणाले, तशी मी उठले. शिंप्याच्या बायकोचं शेवटी काय होतं, एवढंच विचारलं.

"ती मरते. तीच तर शोकांतिका," सर म्हणाले.

"मरत नाही सर. परत येते. जळक्या घरातून मशीन बाहेर काढते आणि शिवायला बसते. शेवटची चाळीस पानं तिचीच आहेत."

अध्यक्षांनी टेबलावरची प्रत चाळली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. सर पाण्याचा ग्लास नुसता धरून बसले.

चहाच्या वेळी मी त्यांना वर्गातला प्रसंग शब्द न् शब्द सांगितला. त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्याचा मला जास्त राग आला. माफ करा, असं काहीतरी ते पुटपुटले. मी चहाचा कप ठेवला आणि निघाले.

व्याख्यानाला आलेले आमचे हेडमास्तर वाटेत म्हणाले, म्हातारं माणूस हाय, सोडायचं होतं. मला वाईट वाटेल म्हणून मी चार दिवस वाट बघितली. न्हाई वाटलं.

पुढच्या महिन्यात वाचनालयानं त्याच कादंबरीवर बोलायला मला बोलावलं. सरांची निमंत्रणपत्रिका मी स्वतः पोस्टात टाकली. ते आले नाहीत.