खारीचा चुरा

आमच्या सल्लागार कंपनीत नवे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं: गिऱ्हाइकाला आकडे दाखवू नका, गोष्ट सांगा. तोवर आम्ही आकड्यांनी लोकांना झोपवत होतो, आता गोष्टी सांगून झोपवायचं, एवढाच फरक मला दिसला.

तेव्हा माझ्याकडे कॅम्पातल्या एका जुन्या बेकरीचं काम होतं. दोघे भाऊ ती चालवत. धाकट्यांना हडपसरला शाखा काढायची होती. केस पूर्ण पिकायच्या आत एकदा तरी स्वतःच्या हिमतीवर काही उभं करावं, ही त्यांची जुनी इच्छा. थोरल्यांना विचारलं की ते "बघू" म्हणत, आणि पुण्यात "बघू" म्हणजे काय ते सांगायला नको. शेवटी धाकट्यांनी आम्हाला बोलावलं. पहिल्या खेपेला मी पडद्यावर आलेख दाखवले आणि थोरले चक्क घोरायला लागले. निघताना धाकटे हळूच म्हणाले, "मॅडम, आणखी एकदाच ऐकतील ते. मग हा विषय कायमचा बंद."

म्हणून दुसऱ्या खेपेला मी गोष्ट सांगितली. हडपसरच्या एक बाई खारीसाठी बसनं कॅम्पात येतात. परतताना गर्दीत पुडा चेंगरतो आणि घरचे लोक खारीचा चुरा चमच्यानं खातात. या बाई म्हणजे माझ्याच सासूबाई, हे मात्र मी सांगितलं नाही.

थोरले ताठ बसले. "आमची खारी? चमच्यानं?" शाखेचं त्यांना काही नव्हतं, खारीचा अपमान झाला होता. "त्या बाईंना घेऊन या. आमच्या अब्बांचा नियम आहे, तक्रार गिऱ्हाइकाच्याच तोंडून ऐकायची. मधला माणूस मीठमसाला लावतो."

मधला माणूस म्हणजे मी, आणि मीठमसाला लावायचाच तर मला पगार होता.

आदल्या संध्याकाळी मी सासूबाईंना पढवायला बसले. "फक्त एवढंच म्हणा, हडपसरला दुकान झालं तर फार सोय होईल."

"माझा जन्म शाळेत शिकवण्यात गेला," त्या म्हणाल्या. "मला बोलायला तू शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी बेकरीत सासूबाईंना बघताच थोरले उठून उभे राहिले. "अरे, या होय! यांना तर मी चांगला ओळखतो." त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, चुऱ्याबद्दल माफीही मागितली. मग विचारलं, "ताई, हडपसरला दुकान काढलं तर तिथे याल ना?"

"मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या.

धाकट्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांच्या कितीतरी वर्षांच्या इच्छेवर माझ्याच घरच्या माणसानं पाणी ओतलं होतं, आणि वर त्या शांतपणे बशीत चहा ओतत होत्या.

"अहो, खारीचं नुसतं निमित्त," त्या म्हणाल्या. "तेवढीच मी बाहेर पडते. बसमध्ये कुणीतरी बोलतं, इथे तुम्ही 'कशा आहात' विचारता. घरी मुलगा कामावर, सून कॉम्प्युटरवर. माझ्याशी बोलतं कोण? दुकान दाराशी आलं, की पाच मिनिटांत परत घरी. मग उरलेला दिवस काय करू?"

मला फार लाज वाटली. थोरले मात्र त्यांच्याकडे, माझ्याकडे, कुणाकडेच बघत नव्हते. मग ते भावाला म्हणाले, "ऐकलंस? हेच मला तुला सांगता येत नव्हतं. तू तिकडे गेलास की मी इथे गल्ल्यावर एकटा. दिवसभर बोलू कुणाशी? भट्टीशी?"

धाकटे हसायला गेले, पण त्यांचे डोळे भरून आले. "भाईजान, दुकान तिकडे असेल. दुपारचं जेवण इथेच, तुमच्यासोबत."

"रोज?"

"रोज."

"मग काढ."

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मनातल्या मनात साहेबांना कळवायचं वाक्यही तयार केलं. तेवढ्यात थोरले माझ्याकडे वळले.

"मॅडम, एवढे दिवस तुम्ही सगळ्यांची चौकशी केलीत. मग मी 'बघू' का म्हणत होतो, हे तुमच्या त्या पडद्यावर कुठंच कसं नव्हतं?"

मी मदतीसाठी सासूबाईंकडे बघितलं. त्याही उत्तराची वाट बघत होत्या.