पैठणपर्यंत गाडीत बसायचं नाही

गुलमंडीवर आमचं कापडाचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून माझा आवाज चढलाय, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. म्हणू दे. माझी एक किडनी त्याच्या पोटात आहे, त्यामुळे त्याची निम्मी बडबड मी माझीच धरते.

त्या जानेवारीत आम्ही दोघं एका सायकल फेरीत गेलो. डायलिसिसवरच्या गरीब रुग्णांसाठी मदत गोळा करायची आणि जाता जाता लोकांना अवयवदान समजावून सांगायचं, असा बेत. संभाजीनगरहून निघून बीडमार्गे सोलापूर, पहिला मुक्काम पैठण. बाकीचे सोलापूरच्या गोष्टी करत होते. मला पैठणच्या पुढचं काही दिसत नव्हतं, आणि त्याचं कारण मागच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसलं होतं.

ती पैठणची मुलगी. भाऊ पूर्वी ज्या दवाखान्यात डायलिसिसला जायचा, तिथंच ती तेव्हा यायची. तिची आई किडनी द्यायला कधीची तयार होती. मुलगीच घेईना. "आईला अधू करून मला नाय जगायचं," एवढंच तिचं म्हणणं. मी ठणठणीत आहे हे मी तिला नाना तऱ्हांनी सांगितलं. पण तिला वाटायचं, ही पंख्याखाली बसून कापड फाडणारी बाई, हिला काय होणार? तिची आई लोकांच्या रानात मजुरी करते. शेवटी मी म्हणाले, "मी सायकलवर पैठणला येते. तू टेम्पोत बसून बघ."

"मग गाडीत नाय बसायचं, ताई," ती म्हणाली. "एकदा बी नाय."

मी शब्द दिला.

संभाजीनगरच्या पैठण गेटवरून आम्ही उजाडताना निघालो. थंडी होती, पाय हलके होते, चितेगाव कधी मागे पडलं कळलंही नाही. पंचाईत झाली ती सत्कारांनी. आपल्याकडे चार माणसं चांगल्या कामाला निघाली की शाल-नारळ घेतल्याशिवाय त्यांना गाव ओलांडू देत नाहीत. बिडकीनला मांडव होता, माईक होता आणि बसायला एकच खुर्ची, माझ्यासाठी. वक्त्यांनी आधी नमनाला घडाभर तेल घातलं आणि मग मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "या माउलीनं आयुष्य पणाला लावलं! एवढ्या नाजूक तब्येतीत, एकाच किडनीवर, जिवावर उदार होऊन..." टाळ्या पडल्या. मी टेम्पोकडे पाहिलं. मुलीनं मान खाली घातली होती. जे मी तिच्या डोक्यातून महिनोन् महिने काढत होते, ते त्या भल्या माणसानं एका भाषणात परत भरून दिलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून माईक घेतला. "मी नाजूक नाही. मला रोजची एकही गोळी नाही. पहाटे दोन भाकरी खाऊन निघालेय. ही खुर्ची खरंच कुणी दमलं असेल त्याला द्या." शालीची घडी टेबलावर ठेवली आणि सायकलवर बसले. फेरीचे प्रमुख, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर, मागून येऊन म्हणाले, "ताई, लोकांचं मन असं मोडू नये." मोडलं असेल. पुढं हार घेऊन उभे असलेल्यांनाही मी हॅंडलवरूनच मान हलवून नमस्कार केला आणि पुढं गेले.

थांबले नाही म्हणजे पाणीही प्याले नाही. ढोरकीनच्या पुढं त्याचं फळ मिळालं. ऊन चढलं, वारा समोरून, आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला की सायकलसकट कडेच्या मातीत बसले.

"आता हट्ट पुरे, ताई," सर म्हणाले. "गाडीत बसा." ड्रायव्हरनं टेम्पोचं फाळकं पाडलंसुद्धा.

भावानं माझं पाऊल धरून मागे दाबलं. "माझ्याकडची अजून दमली नाही," तो म्हणाला, "तुझ्याकडची कशी दमली?"

एरवी त्याला सोडला नसता. पण मुलगी टेम्पोतून उतरून समोर उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मला तेव्हा खरी भीती वाटली, आणि ती पायाची नव्हती. किडनी दिली की बाईचं हे असं होतं, हेच ही घरी घेऊन जाणार.

"बास झालं, ताई," ती हळूच म्हणाली. "बसा. मी कुणाला नाय सांगत."

"पोटरी धरलीय. पाणी प्याले नाही म्हणून. तुझ्या आईची धरते का कधी?"

"धरती की. कापूस येचताना लई येळा."

"मग ती काय करते?"

ती घुटमळली. "शिव्या देती. आन उठती."

मग मीही दिल्या. गुलमंडीवर जन्म काढलाय, दोन भाषांतल्या येतात. सर पाठ फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. मुलगी खुदकन हसली आणि तिनंच मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली आणून दिली. ती संपवून, भावाचा खांदा धरून मी उठले.

पुढचा रस्ता कसा गेला ते विचारू नका. बाकीचे कधीच पुढे गेले होते. मी रडत होते, चिडत होते, आणि पायडल मारत होते. भाऊ एका बाजूला, टेम्पो मागे. दरवेळी वळून पाहिलं की मुलगी काचेतून माझ्या पायांकडे बघत असायची.

पैठणला शाल-नारळवाले होतेच. त्यांच्यापासून लांब तिची आई उभी होती, रानातून तशीच आलेली, ओच्याला कापूस चिकटलेला. मी सायकल धरून उभी राहिले. मुलगी टेम्पोतून उतरून सरळ आईपाशी गेली.

"आई, बुधवारी माझ्यासंग दवाखान्यात चल. तुझ्या तपासण्या करून घिऊ."

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बुधवार कशाला?" ती म्हणाली. "उद्या पहाटं यष्टी हाय की."