शिवेवरचा नारळ

आमच्या पारनेरच्या बाजूला एक रीत आहे. नवरदेवाची गाडी असो की बाजारातून आणलेला बैल, गावाची शीव ओलांडताना नारळ फुटल्याशिवाय पाऊल पुढं पडत नाही. या रितीनं माझा दोस्त खाल्ला. खरं तर मीच खाल्ला, पण ते पुढं येईलच.

दुसऱ्या महायुद्धात आम्ही दोघं फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झालो. निघताना त्याच्या आईनं, मी तिला मावशी म्हणायचो, पिशवीतून नारळ काढून त्याच्या हातात दिला. "परमुलखात शिरशील तवा शिवंवर फोड. मगच म्होरं जा."

सुएझला बोटीतून उतरलो तेव्हाच फोडायचा की नाही? पण हा शहाणा म्हणाला, "समुद्राला कुटं शीव असती व्हय?" मग मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळूत कैक महिने तो नारळ आमच्या लॉरीत सीटखाली गडगडत राहिला. आतलं पाणी आटलं, खोबरं सुटलं, प्रत्येक खड्ड्याला खडखड. डोक्याला नुसता ताप!

एका सकाळी आमच्या लॉऱ्यांची रांग लिबियाच्या हद्दीला लागली. हद्द म्हणजे वाळवंटातलं काटेरी तारेचं कुंपण आणि त्याला पाडलेलं भगदाड. वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या फिती. फितीबाहेर सुरुंग पेरलेत, पाऊल टाकायचं नाही, हे साहेबानं तीनदा बजावलं होतं. रांग अडली. फितीपलीकडं दहा पावलांवर दगडांचा ढीग होता, थेट आमच्या शिवेवरच्या म्हसोबासारखा.

"हीच शीव," तो म्हणाला आणि माझ्याकडं बघत बसला. त्याला धीर होत नव्हता. तो थांबला असता, देवाशपथ थांबला असता. पण मी उन्हानं वैतागलेलो. म्हटलं, "जा की, आईच्या लाडक्या! धा पावलं तर हायत. फोड आन् कटकट मिटव एकदाची."

तो गेला. सातव्या पावलाला सुरुंग उडाला. नारळ घरंगळत माझ्या चाकापाशी आला, अख्खाच्या अख्खा.

सुरुंगानं गेला, एवढंच मावशीला तारेनं कळलं होतं. गावी परतलो तर तिनं पहिलं हेच विचारलं. "नारळ फोडला हुता का रं त्यानं?"

काय सांगू? तुझ्या नारळापायी गेला म्हणू? मी धाडला म्हणू? "न्हाई मावशे," मी म्हटलं, "गाडी माज्या हातात हुती. मी थांबवलीच न्हाई."

"तरीच," ती म्हणाली.

तेव्हापासून तिनं माझं तोंड पाहिलं नाही. गावानंही माझ्या तोंडात शेण घातलं. तिच्यासाठी खोटं बोललो, असं मी स्वतःला सांगायचो. कसलं काय! स्वतःची कातडी वाचवायला बोललो होतो.

वर्षभरानं माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी नगरला निघाला. सर्व्हिस मोटार शिवेवर थांबायची. तिथं मावशी नारळ घेऊन उभी. भावाच्या हातात तो देऊन मला ऐकू जाईल असं म्हणाली, "फोडून जा, लेकरा. तुज्या भावासारकं करू नगं."

भाऊ म्हसोबाकडं निघाला. मी नकळत पावलं मोजायला लागलो आणि सातव्याला भर लोकांत किंचाळलो, "मागं फिर! पाय टाकू नगं!"

लोक हसले. मावशी हसली नाही. तिनं भावाच्या थबकलेल्या पावलांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि जवळ आली.

"फोडायलाच गेल्ता न्हवं त्यो?"

मी होय म्हणून मान हलवली.

त्यानंतर तिनं मला कधी बोल लावला नाही. नारळ मात्र पुन्हा हातात धरला नाही, देवापुढंसुद्धा नाही.