आधी तोंड दाखव
लवंगेच्या तेलाचा वास आला की मला शिरूरचा तो दातांचा दवाखाना आठवतो. कोरोना ओसरत आला होता, पण तिथले तरुण डॉक्टर अजून मास्क, टोपी आणि वरून फेसशील्ड लावूनच काम करायचे. माझ्या थोरल्या चुलतीची दाढ ठणकत होती, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. तरी खुर्चीत बसल्यावर तिनं ओठ घट्ट मिटले. “काकी, आ करा,” डॉक्टर म्हणाले. “मी तोंड उघडायचं आन् तू झाकून बसायचं, व्हय? आधी तोंड दाखव.” “पेशंटजवळ मास्क काढता येत नाही, काकी. तुम्हालाच संसर्ग होईल.” चुलती ढिम्म हलेना. मी विनवण्या करून थकलो. शेवटी डॉक्टर बाहेर रस्त्यावर गेले, काचेच्या दारापलीकडं मास्क उतरवून फोटोला उभं राहावं तसे हसले. येणारेजाणारेही थांबून बघू लागले. चुलतीनं त्यांना नीट निरखलं. “चांगला दिसतोय की! मग झाकतो कशाला?” म्हणाली आणि आ करून बसली. डॉक्टरांनी आत येऊन पुन्हा मास्क लावला, हात धुतले, नवे हातमोजे चढवले आणि दाढ काढली. परवा तिथं गेलो, तर दारावर डॉक्टरांचा हसरा फोटो लावलेला दिसला. खाली लिहिलं होतं, ‘मास्कच्या आत मीच आहे.’