कडेचं भात, मधलं भात

माझं लग्न ठरायच्या बेताला आलं, त्याच वर्षी आमच्या भातावर करपा पडला. लढाईचे दिवस होते. सरकार पिकाचा अंदाज घेई आणि त्या मानाने प्रत्येक घरातून लेव्हीचं भात उचलून नेई. अंदाज चढा झाला की घरच्यांच्या पानातलं कमी व्हायचं.

या रोगाची एक खोड मी तेव्हा पाहिली. एक चूड, म्हणजे भाताचा एक झुबका, उपटून हातात घेतली की वाटे, सगळं गेलं. बांधावरून पाहिलं की वाटे, थोडं गेलं. मी दहिवलीच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. शाळेच्या वाटेवरच्या चढावरून मागे वळलो, तर आमचं शेत गावच्या शेतांत मिसळून चांगलं पिवळंधमक दिसे. तिथून रोग म्हणून काही नव्हताच.

अशात चौक गावाहून मुलीचे वडील घर बघायला येतात असा निरोप आला. घर बघायला येणारा आधी शेत बघतो, हे आबांना पक्कं ठाऊक. त्यांनी बांधालगतच्या करपलेल्या चुडी उपटून टाकल्या आणि उरलेल्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या.

"आनि मधलं?" आई म्हणाली.

"मधी कोन जातंय गं?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आबांचा एकूण कारभार. मीही चुडी टेकवू लागलो. ती मुलगी मी एकदाच पाहिली होती आणि मला ती हवी होती.

पाहुणे आले. आबा त्यांना बांधावरून शेत दाखवत होते, आणि नेमके तेव्हाच अंदाज घ्यायला सर्कलसाहेब तलाठ्याला घेऊन आले. तेही बांधावरच थांबले. आत उतरायची त्यांचीही रीत नव्हती.

"पीक बरं दिसतंय. चौदा आणे धरू," साहेब म्हणाले. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. "रोगबीग काही?"

आबांनी एकदा पाहुण्यांकडे पाहिलं. रोग आहे म्हणावं तर सोयरीक जाते, नाही म्हणावं तर भात. 

"नाय साहेब. बरं हाय," आबा म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

तलाठी लिहायला लागला. मुलीच्या वडिलांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि ते सरळ शेतात शिरले. मधोमध जाऊन त्यांनी एक चूड उपटली आणि साहेबांपुढे धरली. लोंब्या पांढऱ्याफटक, दाणा एक नाही.

"एका चुडीवरून शेत ठरत नाही," साहेब म्हणाले.

"मंग कडेवरून तरी कसं ठरतंय? आमी पन कड साफ केलीय, आमच्याकडं बी पावनं येतात." मग ते आबांकडे वळले. "व्याही, तुमी गप का? साहेबांना आत घेऊन चला. माझी पोर ह्याच घरात जेवायची हाय, मधलं बी मोजू द्या."

त्यांनी आबांना व्याही म्हटलं होतं. आबांनी खाली मान घालूनच वहाणा काढल्या.