तळ्यावरची दुभाषी

मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यापासून आमची वरची खोली रिकामीच होती. त्या उन्हाळ्यात ती पोलंडहून आलेल्या एका मुलीनं भाड्यानं घेतली. शाश्वत विकास हा तिच्या अभ्यासाचा विषय. शिक्षण पुरं करण्याआधी काही महिने परदेशात राहायचं, तिथल्या लोकांत मिसळून अभ्यास करायचा आणि सोबत त्यांच्या उपयोगाचं काही काम करायचं, अशी तिच्या विद्यापीठाची अट होती. तिच्या वाट्याला नागपूर आलं, आणि तेही मे महिन्यातलं. आल्या आल्या ती भरदुपारी सुती कापड आणायला गांधीबागेच्या बाजारात गेली आणि ऊन लागून परतली. मग काय, कैरीचं पन्हं घेऊन मी तिच्या उशाशी. आमची ओळख अशी झाली.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. सुट्या चालू होत्या, तिला दुभाषी हवी होती, मी हो म्हटलं. नुसतं इकडचं तिकडे सांगायचं, त्यात काय मोठं, असं मला वाटलं होतं.

पहाटेच्या गाडीनं आम्ही कुहीकडे निघायचो. मी जन्मापासून नागपुरात राहिलेली, पण कुही मला एसटीच्या पाटीपुरतीच ठाऊक. तिथल्या एका गावात मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातलं मोठं तळं आहे. खालच्या धानाला त्याचं पाणी आणि मासेमारी करणाऱ्या ढीवरांच्या घरांना त्यातले मासे. पण काठानं बेशरम माजली होती. जांभळ्या फुलांचं हे झुडूप दिसायला गोड, पण हळूहळू तळंच गिळतं. गावातल्या बाया मिळून ती मुळासकट उपटत होत्या. पाऊस आला की त्या जागी माशांना खायला लागणाऱ्या पाणवनस्पती लावणार होत्या. आमची पोलंडची पोरगी त्यांच्यासोबत गुडघाभर चिखलात उतरायची. मी काठावर, चिंचेच्या सावलीत.

ऊन तापलं की काम थांबायचं. बाया शिदोऱ्या सोडायच्या आणि पोरगी तिचे प्रश्न काढायची. तळ्याच्या कामानं घरात काय बदललं, निर्णय कोण घेतं, असे ते प्रश्न. बऱ्याच दिवसांनी एकदा त्यांच्यातली सगळ्यात वयस्क बाई, जिला सगळ्याजणी मोठीमाय म्हणत, तोंडातला घास थांबवून म्हणाली, "रोज आमालेच विचारून राहिली हे पोट्टी. हिले कोनी विचारलं का काही?"

सगळ्या हसल्या. मी भाषांतर केलं, तशी पोरगीही हसली. म्हणाली, विचारा की.

"तुही माय काय करते वं?"

पोरगी म्हणाली, "माहीत नाही."

मी तेच मराठीत सांगितलं. मोठीमायला वाटलं, माझं भाषांतरच चुकलं. तिनं पुन्हा विचारायला लावलं. उत्तर तेच आलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडील वारले. त्यांची सफरचंदाची बाग होती, त्यात ही लहानाची मोठी झाली. ही शिकायला बाहेर असताना आईनं ती बाग विकली, दुसरं लग्न केलं आणि दुसऱ्या शहरात राहायला गेली. बाग गेल्याचं हिला नंतर कळलं. तेव्हापासून हिनं आईशी बोलणं टाकलं होतं.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले आणि बायांत जुंपली.

"इकली तं इकली," मोठीमाय म्हणाली. "एकटीनं करावं तरी किती तिनं?"

"पन पोरीले सांगावं ना आधी!" तिच्या शेजारची तरुण बाई उसळली. "माह्या बाचं वावर मले न सांगता इकलं असतं तं म्या बी तोंड नसतं पाह्यलं."

"तुले काय कळते वं?"

"अन् तुमाले सारंच कळते!"

पोरगी माझ्या हाताला धरून विचारत होती, काय चाललंय? मी म्हटलं, तुझ्यावरून भांडण चाललंय. अर्ध्या तुझ्या बाजूनं आहेत, अर्ध्या आईच्या. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

भांडण विझल्यावर मोठीमाय तिच्याजवळ सरकली. "मी बी पाटाची बाई हाव," ती म्हणाली. पाट म्हणजे दुसरं लग्न, हे मी पोरीला सांगितलं. मोठीमाय बोलत राहिली, "पयला नवरा गेला, मंग पाट लावला. माहावाली पोरगी तवा लग्नाची झाली होती. तिनं बोलनं टाकलं. मंग तिचं लग्न झालं, सासर गावातच. मी तिच्या दारात मासे ठेवून यायची, अन् पोरगी ते मांजरीले घालायची."

दुभाष्यानं 'ती म्हणते' असं म्हणत बसू नये, सरळ 'मी' म्हणावं, हे मला पोरीनंच शिकवलं होतं. त्यामुळे मी इंग्रजीत म्हणाले, मी माझ्या मुलीच्या दारात मासे ठेवून यायचे. म्हणता म्हणता मुलाचा रविवारी पुण्याहून येणारा फोन आठवला. 'जेवलास का' या पलीकडे आम्ही कधी जात नव्हतो.

"मग पुढे काय झालं?" पोरीनं विचारलं.

"तिले दिवस गेले, तवा आली. रागातच आली. अजून बी राग हायच." मोठीमायनं पदरानं तोंड पुसलं. "पन येते."

कुणीतरी म्हणालं, लाव ना आता फोन. पोरीनं नाही म्हणून मान हलवली. मोठीमायनंच मग बाकीच्यांना दटावलं आणि सगळ्या पुन्हा चिखलात उतरल्या.

पाऊस सुरू झाल्यावर एका संध्याकाळी मला जिन्यात तिचा आवाज ऐकू आला. ती फोनवर तिच्या भाषेत बोलत होती. आधी चढ्या आवाजात, मग हळू, मग पुन्हा चढ्या आवाजात. मला एक अक्षर कळलं नाही, आणि कळू नये हेच बरं होतं. थोड्या वेळानं ती खाली आली, पाटावर बसली आणि म्हणाली, भूक लागली. मी भात वाढला.

श्रावणाच्या आधी ती परत गेली. विमानतळावर आई आली होती, असं तिनं नंतर फोनवर सांगितलं. घरी जाईपर्यंत गाडीत दोघी भांडल्या. बाग काही परत आली नाही. पण आता त्या बोलतात, निदान भांडतात तरी.

पुढच्या सुट्यांत मी एकटीच कुहीच्या गाडीत बसले. लावलेल्या वनस्पती तळ्याच्या एका बाजूला छान फोफावल्या होत्या. दुसऱ्या बाजूला बेशरम पुन्हा उगवली होती. बाया तिथेच वाकलेल्या.

मोठीमायनं कपाळावर हात धरून पाहिलं. "यंदा कोनाले घेऊन आली वं, मॅडम?"

"कोणालाच नाही. एकटीच आले."

"काहून?"

मी चपला काढल्या. तिनं हात पुढे केला, तो धरून मी उतरले. आतला चिखल गार होता.